हिरूची नोकरी

मी गाव कायमचं सोडलं त्या सकाळी घरातून निघालो तो खिळे आणायला. सगळ्यांना मी तसंच सांगितलं होतं. कशेळ्याच्या अलीकडे ओढ्यावर साकव, म्हणजे लहानसा लाकडी पूल, बांधायचं काम आमच्या टोळीला मिळालं होतं. आयनाच्या झाडांचे सोट, म्हणजे लांब सरळ ओंडके, तोडून काठावर आणून टाकले होते. खिळे तेवढे कर्जतच्या बाजारातून यायचे होते. माझी हत्यारांची पेटी मेव्हण्याने आदल्या दिवशीच गवताच्या गाडीत घालून कर्जतला पोचवली होती. त्यामुळे मी निघालो तेव्हा अंगावर रोजचा सदरा, खांद्यावर पंचा आणि हात मोकळे. खरं काय ते माझ्या बायकोला, सगुणेला, ठाऊक होतं. ती दारापर्यंत आली नाही. चुलीपुढं पाठमोरी बसून राहिली आणि मी "येतो" म्हटलं तेव्हा लाकूड आत सारलं.

ओढ्यावर हिरू भेटला. हिरू वरच्या ठाकरवाडीतला, माझ्याच वयाचा, आणि पाच वर्षं माझ्या टोळीतला. खरं म्हणजे टोळी आम्हा दोघांची होती. तो सोटाची साल काढत होता. मान वर न करता म्हणाला, "खिळं चार बोटी आन. तीन बोटी आयनात धरत नाय."

"आणतो."

"अन् बिगीनं ये. सांजपातुर येशील ना?"

मी हो म्हटलं.

कर्जतला मी खिळे खरोखरच घेतले, चार बोटं लांबीचेच. कशेळ्याकडे निघालेल्या एका गाडीवानाच्या हाती दिले आणि सांगितलं, साकवावर हिरू ठाकराला दे. मग पेटी उचलली आणि मुंबईच्या गाडीत जाऊन बसलो. त्या संध्याकाळी साकवावर खिळे पोचले, मी पोचलो नाही. या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. तुम्हा गाववाल्यांपैकी जे गावी राहिले त्यांना यातलं थोडं माहीत आहे. जे माझ्यासारखे मुंबईला आले त्यांना मी वेगळंच काही सांगत आलो. आता दोघांनाही एकदाच सगळं सांगतो.

आम्ही सुतार. वडील नांगर, बैलगाड्या, चौकटी करायचे. ते काम मला लहान वाटलं. खोपोलीला घाटाखाली वीजघराचं काम निघालं, डोंगरावरून पाणी खाली आणायला माणूस उभा आत मावेल एवढे लोखंडी नळ बसवायचे होते, तेव्हा मी तिथं गेलो. नळ उतारावर चढवायचे तर खाली लाकडी मांडणी लागायची: खांब, तुळया, नळ ठेवायचे गाडे. त्या मांडणीचा ठेका मी घेऊ लागलो. गावचे पाच-सहा जण आणि वाडीतले सात-आठ ठाकर, मिळून चौदा जणांची टोळी झाली. सुतारकाम आम्ही करायचो. उतारावर पाय रोवून उभं राहणं आणि दोर सांभाळणं ठाकरांचं. भाकरी सोडायची वेळ झाली की सगळे एका गोलात बसायचे. मुंबईत येईपर्यंत मला वाटायचं, काम म्हणजे असंच असतं.

एकदा पावसात गाडे वर ओढायच्या यंत्राची साखळी घसरली आणि नळ ठेवलेला गाडा हातभर मागं आला. खाली माणसं होती. गाडा थांबला, पण त्यानंतर कोणी त्याच्या खाली उभं राहायला तयार होईना. गोरा साहेब दोन दिवस कागदावर रेघोट्या मारत बसला. तिसऱ्या दिवशी हिरू मला म्हणाला, "आमी डोंगरातनं सोट कसं उतरवतो? तसंच करायचं." ठाकर लोक सोट उतरवताना दोराचे वेढे झाडाच्या बुंध्याला देतात आणि एकेक वेढा सैल करत ओझं हळूहळू सोडतात. हिरूने सांगितलं तसा मी सागाचा जाड खुंट तासला, त्याला दोर बसेल अशी खाच घेतली आणि तो जमिनीत पुरला. दोर हिरूने धरला. वेढा कधी सोडायचा हे तो दोराच्या आवाजावरून ओळखायचा. दोर कुरकुरला की थांबायचा, गप्प झाला की सोडायचा. त्यानंतर एकही गाडा मागं आला नाही.

साहेबाने पाहिलं तेव्हा मी खुंटापाशी हातोडा घेऊन उभा होतो. त्याने विचारलं, "मिस्त्री, ये तुमने बनाया?" खुंट मीच तर बनवला होता. मी म्हटलं, "हां साहेब." हिरू चार पावलांवर दोर गुंडाळत होता. हिंदुस्थानी त्याला कळत नसे, असं मी धरून चाललो.

काम संपलं तेव्हा साहेबाने मला इंग्रजीत एक चिठ्ठी दिली. शाळेच्या मास्तरांनी ती वाचून सांगितली: या माणसाने उतारावरचं ओझं रोखण्याची युक्ती स्वतःच्या डोक्याने काढली, हा कुठंही उपयोगी पडेल. वडील ऐकत होते. मास्तर गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या करवतीनं कापलं तरी भुसा आपल्याच दारात पडतो." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग कामं आटली. विलायतेत लढाई पेटलेली. लोखंड येईना, सिमिट येईना, जिकडंतिकडं बांधकामं अर्ध्यावर थांबली. टोळीला मिळेल ते मी घेत गेलो: कुणाचं कोठार, देवळाच्या सभामंडपाचे चार खांब, माथेरानच्या एका बंगल्याच्या खिडक्या. चौदा माणसांच्या हाताला ते पुरत नसे. रोज सकाळी कोणी ना कोणी माझ्या ओट्यावर येऊन बसायचं. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. ठेकेदार म्हणवून घ्यायला मला आवडत असे. आपल्या मर्जीचा मालक, कोणाची हाजी हाजी नाही. पण काम नसताना चौदा जण तोंडाकडं बघत बसले की ते मालकपण कसं टोचतं, हे ज्याने सोसलं त्यालाच कळेल. सगुणेला पहिलं मूल व्हायचं होतं. वडिलांचे हात कापू लागले होते.

अशात त्या साहेबाचं पत्र आलं. तो आता मुंबईत एका गिरणीवर होता. सुतारखात्यात पक्की जागा आहे, लवकर ये, असा निरोप होता. जागा एकच. आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या कचेरीतून साकवाचं काम माझ्या नावावर मंजूर झालं.

कशेळ्याच्या बाजारादिवशी टोळी जमली. कोणीतरी म्हणालं, गिरणीवाले माणसं घेताहेत म्हणतात, ज्याला जायचं त्याने जावं. हिरू म्हणाला, "एकानं जायचं नाय. गेलो तर समदी जाऊ, नायतर साकव करू. पावसाळ्यापातुर निभंल." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. साहेबाला हो म्हणून पत्र टाकून मला तीन दिवस झाले होते.

मी तेव्हाच उठून म्हणालो असतो की मला नोकरी आली आहे, मी जातो, साकव तुम्ही करा, मी कचेरीत जाऊन हिरूचं नाव लावून देतो, तर कोणी मला धरून ठेवलं नसतं. पोटासाठी नोकरी धरली याची मला लाज वाटत नाही. त्यांच्या तोंडावर बोलायला मी घाबरलो, आणि माझं घाबरणं त्यांना महागात पडलं, याची वाटते. टोळीने तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी हिरू कचेरीत गेला. ठेका माझ्या नावावर, मी हजर नाही, म्हणून काम दुसऱ्याला गेलं आणि त्याने आपली माणसं आणली. हिरूने तोडलेले सोट त्यांनीच वापरले. हे मला सगुणेने सांगितलं, बाळंत होऊन ती मुंबईला आली तेव्हा. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

मुंबईचं काय सांगू. परळच्या चाळीत एक खोली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. सुतारखात्यात मागाच्या लाकडी काठ्या आणि धोटे दुरुस्त करायचे, एकासारखा एक. खोपोलीला रोज नवा उतार, नवी अडचण असायची. इथं चार वर्षांत मला डोकं लावायची वेळ आली नाही. पण पगार ठरल्या दिवशी मिळायचा आणि पावसाळ्यातही मिळायचा. लोक मला मिस्त्री म्हणायचे. गावाकडचं कोणी भेटलं की मी म्हणायचो, "साहेबानं सोडलंच नाही हो, ओढून आणलं." हे इतक्यांदा सांगितलं की सांगताना अडखळणंही बंद झालं.

लढाई संपायच्या सुमारास गिरणीत नवा बॉयलर आला. तो खड्ड्यात उतरवायचा होता आणि जागा इतकी अडचणीची की यंत्र उभं राहीना. साहेब माझ्याकडं आला. "मिस्त्री, वो खोपोलीवाला खुंटा लगाव." मी खुंट तासला, पुरला, आणि आधी एक लोखंडी तुळई उतरवून बघायचं ठरवलं. दोर मी स्वतः धरला. दोर कुरकुरला, मी थांबलो. गप्प झाला, मी वेढा सोडला, आणि तुळई सुटली. माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मी म्हटलं, "दोर सांभाळणारा माझा माणूस गावाला आहे. त्याला आणतो." माझा माणूस. असेच शब्द होते माझे.

मी वाडीवर गेलो. चार वर्षांनी. हिरू अंगणात टोपली विणत होता. मी काय तोंडाने बोलणार म्हणून वाटभर शब्द जुळवत आलो होतो, ते लागलेच नाहीत. माझे बांधलेले हात बघून त्याने विचारलं, "दोर धरलास व्हय?" मी मान हलवली. "येडा हायस," तो म्हणाला आणि उठून दोर काढायला आत गेला. त्याची बायको पारू मला पाणी देऊन बाजूला उभी राहिली.

गाडीत तो खिडकीशी बसला होता. त्या साली पाऊस मधेच गेला होता. उतारावरची नाचणी पिवळी पडली, वरीला दाणा धरला नाही, असं त्याने सांगितलं. "औंदा वाडीत काय नाय. लोकं कोळशाच्या भट्टीवं जायचं म्हनत्यात." मी "हूं" म्हटलं. साकवाचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

हिरूने दीड दिवसात बॉयलर उतरवला. अख्खी गिरणी बघायला लोटली होती. दोर त्याच्या हातात नुसता बोलत होता. बॉयलर जागेवर टेकला तेव्हा साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "इसको पूछो, यहाँ पक्का नौकरी करेगा?"

मी हिरूकडं बघितलं. घामाने भिजलेला, हसत होता. तो इथं राहिला तर काय होईल ते मला एका क्षणात दिसलं. साहेबाला कळेल की युक्ती कोणाची होती. टोळीतला माणूस माझ्याच खात्यात, माझ्याच चाळीत राहील. खिळ्यांची गोष्ट रोज माझ्यासमोर जेवायला बसेल. मी हिरूला विचारलं, "साहेब विचारतो, किती दिवस राहणार?"

हिरूने एकदा साहेबाकडं बघितलं. मग म्हणाला, "नोकरी म्हनला का रं काय?"

"माझ्या नोकरीचं बोलत होता."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तुजं काय म्हननं? ऱ्हाऊ का जाऊ?"

"गावी पारू वाट बघत असेल," मी म्हटलं.

"मंग जातो."

मी साहेबाकडं वळून सांगितलं, "नहीं बोलता है, साहेब. गांव जायेगा."

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत बसवायला गेलो. गाडी हलली तेव्हा तो म्हणाला, "येतो, मिस्त्री. तुमी संबाळून ऱ्हावा." मला वाटलं, मुंबई बघून बुजला, म्हणून तुमी म्हणाला.

त्यानंतरची चौदा वर्षं मी स्वतःची समजूत घालत काढली. ठाकर माणूस, डोंगर सोडून चाळीत राहिला नसता. विचारलं असतं तरी नाहीच म्हणाला असता. सगुणेलाही मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग विचारायला काय झालं होतं?" तिच्यापुढं मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग मंदी आली. गिरण्यांची खाती अर्धी झाली, संप झाले, साहेब विलायतेला गेला, आणि माझी पक्की जागा एका सकाळी फाटकावर लावलेल्या कागदाने संपली. पंचेचाळिशी उलटलेला सुतार. चाळीतल्या खिडक्या, पाळणे, मोडक्या खुर्च्या, असलं सुटं काम करू लागलो. कधी असायचं, कधी नसायचं. एका दुसऱ्या गिरणीत पुन्हा कायम लागायची थोडी आशा होती, पण उमेदवार म्हणून रोज फाटकावर उभं राहायला लागणार. मेव्हण्याने गावाहून कळवलं की हिरूची टोळी आता मोठी झाली आहे. खोपोलीपासून कर्जतपर्यंत कुठंही जड काही चढवायचं-उतरवायचं असलं की त्यालाच बोलावतात. भाताच्या गिरणीची इंजिनं, विहिरीवरचे पंप, घाटातलं लाकूड. ये, तो नाही म्हणणार नाही.

मी गेलो. खोपोलीजवळ भाताच्या एका नव्या गिरणीवर काम चालू होतं. हिरू दगडावर बसून दोर तपासत होता, केस पांढरे झालेले. मला बघून उठला. "या मिस्त्री. बसा." पोरांना सांगून माझ्यासाठी गोणपाट घातलं. काम मागायच्या आधी मला ते बोलायचं होतं. मी उभ्यानेच बोललो. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते सांगितलं. साकवाचं सांगितलं. मग साहेबाने काय विचारलं होतं आणि मी काय विचारलं, तेही शब्दाला शब्द सांगितलं.

हिरूने दोर खाली ठेवला. "नोकरी हा सबुद मला कळत व्हता, मिस्त्री. खोपोलीला चार वर्सं काडली ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हनून थांबलो. इचारलं पन तुमाला, ऱ्हाऊ का जाऊ."

मी म्हणालो, "तू राहिला असतास का?" खरं सांगतो, त्या घडीलाही त्याने नाही म्हणावं अशी माझी आशा होती.

"त्या साली ऱ्हायलो असतो," तो म्हणाला. "नाचणी जळालीवती. मंग भट्टीवं गेलो, पार तिकडं पेनच्या रानात. पारू तितंच गेली. तापानं." त्याच्या आवाजात राग नव्हता. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं त्याने सांगितलं. मग दोर पुन्हा हातात घेतला. "काम हाय. उद्यापास्नं मांडनी बांदायची. यायचं तर या."

मी आलो. दोन महिने त्याच्या हाताखाली खांब तासले, तुळया सांधल्या. तो मला कधी एक शब्द वावगा बोलला नाही. दुपारी भाकरी सोडताना पोरं मला आधी बसवायची, सावली बघून, पाहुण्याला बसवतात तसं. माझं होईपर्यंत बाकीचे थोडे लांब उभे राहायचे आणि मग आपला गोल करून बसायचे. कुणी मुद्दाम करत नव्हतं. त्यांच्या वडीलधाऱ्याने मिस्त्री म्हटलं, म्हणून त्यांच्या लेखी मी मिस्त्री. भाताच्या गिरणीचं इंजिन उतरलं त्या दिवशी दोर हिरूच्या थोरल्या मुलाच्या हातात होता आणि हिरू मागं उभा राहून डोळे मिटून ऐकत होता. मी खुंटापाशी होतो. गिरणीचा मालक हिरूला म्हणाला, "ही युक्ती तुमच्या या सुतारबुवांची का?" हिरू म्हणाला, "खुंट त्यांचा हाय. चांगला तासलाय." त्याने खरं तेवढंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. इतकं सोपं होतं ते. खोपोलीच्या उतारावर मलाही तेवढंच बोलायचं होतं.

काम संपल्यावर हिरू म्हणाला, पुढचं काम कर्जतला आहे, राहायचं तर राहा. मी राहिलो नाही. मुंबईला परत आलो. मुलं इथं वाढली, सगुणा इथं रुळली, हे कारण मी सगळ्यांना देतो आणि ते खोटं नाही. आता चाळीच्या जिन्याखाली माझी पेटी असते. कोणी काम घेऊन आलं तर करतो. कोणी विचारतं, मिस्त्री, गाव कुठलं तुमचं? मी कशेळ्याजवळ म्हणून सांगतो. ते म्हणतात, घर आहे का तिथं? घर आहे. वडिलांनी बांधलेलं, मेव्हणा दिवा लावतो, छप्पर अजून धड आहे. पण गाव म्हटलं की मला ते घर आठवत नाही. मला तो माणूस आठवतो, जो मला येडा हायस म्हणायचा. तो अजून आहे, धडधाकट आहे, मला काम देतो, सावलीत बसवतो. फक्त आता तो मला अहो म्हणतो, आणि ते त्याच्याकडून सोडवून घ्यायला मला तोंड नाही.